खिडक्या धुण्याचा धंदा: पहिला ब्रश घेण्याआधी

ब्रश घ्यायला गेलेला नवा माणूस दुकानात हमखास एक गोष्ट करतो. ब्रश उचलतो, तळहातावर दोनदा घासतो आणि म्हणतो, "हां, हा कडक आहे, हा घासेल." मीही तसंच म्हणालो होतो. ते वाक्य मला एका अख्ख्या काचेला पडलं.

धंद्यातली पहिली दिवाळी होती. कोथरूडमधल्या एका बंगल्याचं काम मिळालं. माझ्याकडे गाडी धुवायचा लांब दांड्याचा एकच ब्रश. सकाळी त्यानेच गच्चीची फरशी घासून घेतली, कारण काकूंनी सहज म्हटलं, "तेवढी गच्ची पण मारून घ्या ना," आणि ब्रश हातातच होता. मग तोच ब्रश बादलीत बुचकळून हॉलच्या मोठ्या काचेवर फिरवला. काच ओली होती तोवर झकास दिसत होती. दुपारी चारला ऊन तिरपं झालं आणि काकूंनी आतून हाक मारली, "अहो दादा, हे काय आलंय बघा." काचेवर बारीक बारीक कमानी, हात ज्या वळणाने फिरला होता त्याच वळणाच्या. काच बदलून दिली. त्या महिन्यात हातात काही उरलं नाही.

मी दोष ब्रशच्या कडकपणाला देत होतो. घरी येऊन ब्रश वर्तमानपत्रावर आपटला तेव्हा खरा चोर सापडला: केसांच्या बुडाशी अडकलेली गच्चीतली रेती. नायलॉन काचेपेक्षा कितीतरी मऊ असतं, ते काचेला ओरखडा काढूच शकत नाही. रेतीतलं क्वार्ट्झ मात्र काढतं. खनिजांच्या कठीणपणाच्या मोजपट्टीवर क्वार्ट्झ 7 वर बसतं, साधी काच साडेपाच-सहाच्या आसपास. म्हणजे काचेवर ब्रश नव्हे, रेती फिरत होती. ब्रश फक्त तिचा दांडा झाला होता.

तेव्हापासून ब्रश निवडताना मी एकच प्रश्न आधी विचारतो: मळ सुटल्यावर तो या ब्रशमधून किती लवकर बाहेर पडेल? मळ सोडवायचं काम ब्रशचं, वाहून न्यायचं काम पाण्याचं. जो ब्रश मळ धरून ठेवतो तो कितीही छान घासत असला तरी काचेवर नको. खाली लिहिलेलं सगळं या एका प्रश्नाभोवती फिरतं.

आधी हे ठरवा: ब्रश लागणारच आहे का?

हात पोचतो तिथे, म्हणजे घराच्या आतून किंवा तळमजल्यावर, काचेसाठी ब्रश लागत नाही. तिथे टी-आकाराच्या दांडीवर चढवलेला कापडी वॉशर आणि रबराची स्क्वीजी हेच हत्यार. (फरशीच्या वायपरला आणि काचेच्या स्क्वीजीला आपल्याकडे सरसकट वायपरच म्हणतात. दुकानात "काचेचा, एकपाती रबराचा" असं सांगा, नाहीतर फोमची दुहेरी पट्टी गळ्यात पडते.) आज जगभर वापरतात तो हलका, एकपाती प्रकार 1936 साली अमेरिकेत एत्तोरे स्टेक्कोने या इटालियन कारागिराने पेटंट केला आणि त्यात अजूनही फारसं काही बदलायला लागलेलं नाही.

ब्रश लागतो तीन ठिकाणी. स्लायडिंगच्या ट्रॅकमध्ये आणि फ्रेमच्या कोपऱ्यात. मच्छरजाळीवर. आणि जमिनीवर उभं राहून काठीने पहिला-दुसरा मजला धुवायचा असेल तिथे. या तिन्हींचे ब्रश वेगळे आणि एकमेकांत मिसळायचे नाहीत. पहिले दोन सोपे आहेत, ते आत्ताच उरकून टाकतो. ट्रॅकला अरुंद, कडक, आखूड केसांचा ब्रश, टूथब्रशच्या जरा मोठ्या भावासारखा. आधी कोरडा फिरवून माती बाहेर काढा, व्हॅक्यूमने ओढा, मगच पाणी. ओल्या मातीचा चिखल झाला की तो ट्रॅकमधलं पाणी बाहेर जायची भोकं बुजवतो, आणि पहिल्या पावसात ग्राहकाच्या हॉलमध्ये पाणी शिरलं की फोन तुम्हालाच येतो. जाळीला मऊ, दाट केसांचा कोरडा ब्रश. जाळी उतरवून, आडवी टेकवून, आतून बाहेर झटकायची.

आता राहिला काठीचा ब्रश: लांब काठीच्या टोकाला बसणारा, नळीने आलेलं पाणी स्वतःतूनच काचेवर सोडणारा. पैसे त्यात जातात आणि चुकाही त्यातच होतात.

पायरी पहिली: काच वाचा

कामाचा अंदाज द्यायला जाल तेव्हा काचेसमोर पाच मिनिटं नुसतं उभं राहा. मळ कसला आहे ते बघा.

नुसती धूळ असेल, हिंजवडी किंवा वाघोलीच्या बाजूला जवळ बांधकाम चालू असतं तशी, तर ती काचेवर सैल बसलेली असते. तिला घासायची गरजच नसते, भरपूर पाणी लागतं. इथे मऊ आणि मोकळ्या केसांचा ब्रश हवा. वरळी किंवा मरीन ड्राइव्हसारख्या समुद्रासमोरच्या इमारतीत मिठाचा थर असतो, बोट फिरवलं तर चिकट लागतो. मीठ पाण्यात विरघळतं, त्यामुळे तिथेही जोर नको, फक्त पाणी जास्त वेळ फिरवावं लागतं. स्वयंपाकघराच्या एक्झॉस्टजवळची काच मात्र वेगळी. तिथे फोडणीच्या वाफेचा तेलकट थर आणि त्यावर धूळ असं थालीपीठ झालेलं असतं. ते काठीच्या साध्या पाण्याने निघत नाही. तिथे आधी साबण, तोही वेगळ्या ब्रशने.

कबुतरांची विष्ठा हे आपल्या शहरांचं नशीबच आहे. वाळलेली विष्ठा कोरडी कधीच घासू नका. तिच्या धुळीने फुप्फुसांचा आजार होऊ शकतो, आणि त्यात बारीक खडेही असतात. आधी भिजवा, दहा मिनिटं थांबा, पुन्हा भिजवा, मग ब्रश. तोंडाला मास्क. इथे थोडे कडक, मध्यम लांबीचे केस उपयोगी पडतात.

सिमेंटचे शिंतोडे, रंगाचे ठिपके आणि बोअरच्या पाण्याचे वर्षानुवर्षांचे पांढरे डाग मात्र कुठलाच ब्रश काढत नाही. ग्राहकाला हे काम घेतानाच सांगा. "बघतो प्रयत्न करून" म्हणालात की संध्याकाळी पैसे अडकलेच म्हणून समजा.

मग दोन छोट्या परीक्षा. काचेवर ओंजळभर पाणी मारा. पाणी चादरीसारखं पसरून खाली आलं तर काच पाणी धरणारी आहे. मोत्यांसारखे थेंब होऊन जागोजागी थांबलं तर पाणी झटकणारी. दोन्हींना वेगळे पाण्याचे फवारे लागतात, ते पुढे येईल.

दुसरी परीक्षा आरशासारख्या चकाकणाऱ्या काचेची. पेनाचं टोक काचेला टेकवा आणि ठळक प्रतिबिंब बघा. टोक आणि प्रतिबिंब यांच्यात फट दिसली तर चकाकीचा थर काचेच्या पलीकडच्या अंगाला आहे, तुम्ही निर्धास्त. टोकाला टोक भिडलेलं दिसलं तर थर तुमच्याच बाजूला आहे. मग कडक ब्रश, पाती, तारेची घासणी सगळं पिशवीतच राहू द्या. मऊ केस आणि स्वच्छ पाणी एवढंच. काचेवर काळी फिल्म चिकटवलेली असेल तरी हाच नियम. फिल्म बहुतेक वेळा आतून असते, पण खात्री हाताने करा, ग्राहकाच्या सांगण्यावरून नको.

पायरी दुसरी: पाणी मोजा

ब्रशच्या लेखात पाणी कशाला, असं वाटेल. काठीच्या कामात काच पुसायची नसते. धुतलेली काच तशीच वाळू द्यायची असते, म्हणून पाण्यातले क्षार काचेवर राहिले की सगळी मेहनत वाया. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर काही शे रुपयांत मिळतो. ब्रशच्या आधी तो घ्या.

हिशोब सोपा आहे. टीडीएस 500 म्हणजे लिटरमागे 500 मिलिग्रॅम, अर्धा ग्रॅम क्षार. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात 500 ही स्वीकारार्ह मर्यादा आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर 2000 पर्यंत चालतं. म्हणजे पिण्याला पास झालेलं पाणी काचेला नापास असू शकतं. खडकवासल्याचं किंवा मुंबईच्या तलावांचं नळाचं पाणी त्यामानाने मऊ, पण बऱ्याच सोसायट्यांत वापराच्या टाकीत टँकर आणि बोअर मिसळलेलं असतं. सेक्रेटरी सांगतील "कॉर्पोरेशनचंच आहे". तुम्ही मीटर बुडवा.

काच न पुसता डाग न पडता वाळायची असेल तर टीडीएस 10 च्या खाली लागतो, शून्य असेल तर उत्तम. त्यासाठी आरओ आणि त्यापुढे रेझिनची, म्हणजे उरलेले क्षार धरून ठेवणाऱ्या बारीक मण्यांची टाकी. नुसत्या आरओवर पाणी खूप सुधारतं, पण बोअरचं असेल तर शून्यावर येत नाही, शेवटचं काम रेझिन करतं. एवढी गुंतवणूक पहिल्या दिवशी झेपणार नसेल तर काठीचं काम घेऊच नका. तळमजला आणि आतून धुणं, वॉशर-स्क्वीजीवर सहा महिने काढा. मी हे लाजेखातर केलं नाही आणि पस्तावलो.

पायरी तिसरी: केस

इथे जरा थांबू या, कारण दुकानदार इथेच सगळ्यांना गुंडाळतो. "नायलॉन आहे साहेब" हे उत्तर प्रत्येक ब्रशला मिळतं.

बाजारात केसांचे ढोबळ चार प्रकार. नायलॉन, पॉलिप्रॉपिलीन, पीबीटी (ही तिन्ही प्लास्टिकं) आणि डुकराचे केस.

नायलॉनची एक गंमत लक्षात ठेवा: ते पाणी पितं. साधं नायलॉन पूर्ण भिजलं तर स्वतःच्या वजनाच्या नऊ-दहा टक्के पाणी शोषून घेतं आणि मऊ पडतं. म्हणजे दुकानात कोरडा, करकरीत वाटणारा ब्रश कामावर अर्ध्या तासात ढिला होतो. नायलॉन 6.12 नावाचा प्रकार पाणी बराच कमी पितो, म्हणून चांगल्या ब्रशांत तो असतो आणि पाकिटावर तसं लिहिलेलंही असतं. पॉलिप्रॉपिलीन आणि पीबीटी जवळजवळ पाणी पीत नाहीत, ओले झाले तरी तेवढेच कडक. पॉलिप्रॉपिलीन सगळ्यात स्वस्त, पण एकदा वाकलं की वाकलेलंच राहतं. झाडूच्या फुलोऱ्यासारखं फिसकटतं आणि मग केसांच्या टोकाऐवजी कुशी काचेला लागते.

ओळखायचं कसं? बोहरी आळीत एका दुकानात मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा दुकानदार हसला होता. दोन-तीन केस कापून मागा. पाण्याच्या ग्लासात साबणाचा एक थेंब टाका, म्हणजे केस वरच्या वर पाण्याला चिकटून फसवणार नाही. केस बोटाने बुडवा आणि सोडा. परत वर आला, तर पॉलिप्रॉपिलीन. तळाला गेला तर नायलॉन किंवा पीबीटी. पॉलिप्रॉपिलीन पाण्याहून हलकं, बाकीचे दोघे जड. नायलॉनची किंमत देऊन तरंगणारा केस घेऊ नका.

आणि कडकपणा बघायचा असेल तर तळहातावर नको. ब्रश पंधरा-वीस मिनिटं पाण्यात ठेवा, मग काचेवर लावा. दुकानदार नाही म्हणाला तर एकच घ्या, घरी बघा, मग बाकीचे.

डुकराचे केस जुने आणि खरोखर गुणी. प्रत्येक केसाचं टोक निसर्गतःच फाटलेलं असतं, त्यामुळे ते पाणी धरतात आणि चिकटलेला मळ ओरखडा न काढता सोडवतात. वर्षभर न धुतलेल्या काचेच्या पहिल्या धुण्याला मला त्यांच्याइतकं दुसरं काही आवडत नाही. पण तीन अडचणी आहेत. ते महाग. ते पावसाळ्यात नीट वाळले नाहीत तर कुजतात आणि वास मारतात. आणि तिसरी अडचण पैशाची नाही: कितीतरी घरांत, मुस्लिम असोत, जैन असोत, कट्टर शाकाहारी असोत, हा ब्रश दारात आणलेलाही चालणार नाही. विचारल्याशिवाय नेऊ नका, आणि विचारायला अवघड वाटत असेल तर नेऊच नका. मी स्वतः आता बंगल्यांच्या कामाला फक्त नायलॉन नेतो. घोळ नको. (आणि "चायना ब्रिसल" असं लिहिलेलं असेल तर तेही डुकराचेच केस, हे माहीत असू द्या. ब्रशनगरी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बिजनौर जिल्ह्यातल्या शेरकोटहून येणाऱ्या रंगाच्या ब्रशांतही ते असतात.)

टोकांबद्दल एक शब्द. काही नायलॉन केसांची टोकं मुद्दाम चिरलेली, पिंजल्यासारखी असतात. गाडी धुवायच्या ब्रशला हीच असतात, फेस धरायला. हात लावला की मखमल. नवा माणूस यावर भाळतो. काठीच्या रोजच्या कामाला मात्र न चिरलेली, सरळ टोकं बरी, कारण पिंजलेली टोकं पाणी आणि मळ दोन्ही धरून ठेवतात. वर विचारलेला प्रश्न आठवा: मळ किती लवकर बाहेर पडेल?

लांबीचं असं: अडीच ते चार सेंटिमीटरचे आखूड केस जोर देतात, घट्ट मळाला बरे. पाच-सहा सेंटिमीटरचे लांब केस फ्रेमच्या खोबणीत शिरतात आणि धुतलेलं पाणी छान खाली सोडतात. काही ब्रशांत मधले केस आखूड-कडक आणि कडेचे लांब-मऊ असतात. नव्या माणसाने एकच ब्रश घ्यायचा असेल तर हाच घ्यावा असं माझं मत आहे. केसांच्या रांगा जास्त म्हणजे ब्रश चांगला, असं समजू नका. रांगा जितक्या जास्त तितकं वजन जास्त आणि आतली घाण धुवायला पाणीही जास्त.

पायरी चौथी: रुंदी आणि वजन

रुंदी आपल्याकडे इंचात सांगतात. घरांच्या खिडक्यांना 10 ते 12 इंच. शोरूम, ऑफिसच्या मोठ्या काचांना 16 ते 18. सुरुवातीला मोठा घ्यायचा मोह होतो, कारण काम लवकर उरकेल असं वाटतं. पण आपल्या दोनपट्टी-तीनपट्टी स्लायडिंगमध्ये उघडी काच दोन-अडीच फुटांची, 18 इंची ब्रश त्यात दीडदाच फिरतो आणि कडा तशाच राहतात. खिडकीला बाहेरून सेफ्टी ग्रिल असेल तर तो आत शिरणारच नाही. अशा कामाला 8 इंची, पातळ डोक्याचा ब्रश लागतो, आणि खरं सांगायचं तर ग्रिलवाल्या खिडक्या आतूनच धुतलेल्या बऱ्या. अंदाज देताना ग्रिलच्या गजांमधलं अंतर टेपने मोजा.

वजनाकडे कुणी बघत नाही आणि संध्याकाळी खांदा बघायला लावतो. 400 ग्रॅमचा ब्रश 9 मीटरच्या काठीच्या टोकाला लावला आणि काठी आडवी धरली, तर तुमच्या हाताला तो एक मीटरवर 3.6 किलो धरल्यासारखा ओढतो. 800 ग्रॅमचा असेल तर 7.2 किलो. काठी धुताना उभी असते म्हणून एवढा भार सतत येत नाही, पण उचलताना आणि खाली घेताना येतो, आणि दिवसाला चाळीस वेळा येतो. काठीचं स्वतःचं वजन आणि भिजलेल्या केसांतलं पाणी वेगळंच. किराणा दुकानात वजनकाटा असतो, ब्रश त्यावर ठेवून बघायला लाजू नका. ओला करून ठेवलात तर आणखी बरं.

पायरी पाचवी: पाण्याची भोकं

काठीच्या ब्रशच्या पाठीत पाणी यायची भोकं असतात, त्यांना जेट म्हणतात. दोन प्रकार: पेन्सिल जेट, म्हणजे बारीक सरळ धार, आणि फॅन जेट, म्हणजे पंख्यासारखा पसरलेला पडदा.

पाणी पसरू देणारी काच असेल तर पेन्सिल जेट पुरतात. ब्रश काचेवरच ठेवून वरून खाली धुवत यायचं, पाणी आपणहून चादर धरतं. पाणी झटकणारी, मोती करणारी काच असेल तर फॅन जेट हवे आणि शेवटच्या धुण्याला ब्रश काचेवरून उचलून, चार-पाच इंच लांबून धुवायचं. नाहीतर केसांतून निथळलेले थेंब काचेवर डाग सोडतात. नव्या, छान इमारतींच्या काचेवर लोक फसतात ते बहुतेक इथेच. दोष पाण्याला देतात.

विकत घेताना ब्रश उलटा करा, नळी जोडायच्या तोंडातून बाटलीने पाणी ओता. धार केसांच्या मधून सरळ बाहेर येते का? की केसांवर आपटून ठिबकते? ठिबकत असेल तर त्या ब्रशमध्ये मळ बसणारच. सगळ्या भोकांची धार सारखी आहे का तेही बघा.

पाण्याचा खर्च लक्षात ठेवा. मिनिटाला दीड लिटर धरलं तर पाठीवरची 20 लिटरची टाकी तेरा-चौदा मिनिटांत रिकामी. दाट केसांचा आणि चार जेटचा ब्रश घ्याल तर त्याहून लवकर.

पायरी सहावी: काठीशी लग्न

ब्रश आवडला आणि काठीला बसलाच नाही, हे फार होतं. आट्यांचे प्रकार वेगळे असतात, काहींना सॉकेट असतं. दुकानात जाताना काठीचं टोक सोबत न्या. दोघांच्या मध्ये कोन बदलणारा जोड असायलाच हवा, कारण तुम्ही इमारतीला जितके चिकटून उभे राहाल तितका ब्रश काचेवर तिरका बसतो. तिरका बसला की वरची किंवा खालची एकच रांग घासते. ब्रश सपाट बसलाय की नाही हे खालून दिसत नाही, हाताला कळतं: सपाट असेल तर काठी गुळगुळीत सरकते, तिरका असेल तर खडखडते.

आणि कार्बन फायबरच्या काठीतून वीज वाहते. ओली काठी, वर लोंबकळणाऱ्या केबलच्या तारा, बाहेरून आणलेलं एसीचं कनेक्शन: आपल्या सोसायट्यांत हे नेहमीचं. काठी उभी करण्याआधी वर बघा. तार दिसली तर ती खिडकी आतून धुवा किंवा सोडून द्या. दोरावर लटकून करायची कामं नव्या माणसाची नाहीत. त्याचं प्रशिक्षण वेगळं, साहित्य वेगळं.

पायरी सातवी: नवा ब्रश थेट ग्राहकाकडे नेऊ नका

नव्या ब्रशमधून कापलेल्या केसांचा चुरा निघतो, आणि कारखान्यातला तेलकट अंशही असतो. कोमट पाण्यात साबण घालून धुवा, मग साबणाचा लवलेश जाईपर्यंत खळखळून धुवा. पहिल्या दोन-तीन खिडक्या स्वतःच्या घरच्या. काच वाळू द्या आणि तिरप्या उन्हात, सकाळी आठ किंवा संध्याकाळी चारला, बघा.

डाग कसा आहे त्यावरून दोष कळतो. सगळीकडे सारखे पांढरे ठिपके असतील तर पाणी वाईट. वरच्या कडेपासून खाली ओघळ असतील तर फ्रेमच्या रबराखालून मळ उतरलाय: आधी फ्रेम धुवा, मग काच. ब्रशच्या रुंदीचे पुसट पट्टे दिसले तर ब्रशमध्ये मळ किंवा साबण आहे. आणि कमानी दिसल्या तर... त्या माझ्या ओळखीच्या आहेत.

हात हलका ठेवा. केसांची टोकं काम करतात. दाबलंत की केस वाकतात, टोकं काचेवरून सुटतात आणि कुशी नुसत्या घसरतात. माझ्याकडे कामाला आलेल्या पोरांना मी पहिल्या दिवशी एवढंच सांगतो: लहान मुलाचं डोकं धुतोयस असं धर. पोरं हसतात, पण हात लगेच हलका होतो.

सांभाळ

काम झालं की ब्रश उलटा धरून केसांच्या बुडाशी पाणी मारा, पाणी नितळ येईपर्यंत. मग आपटू नका, झटका. केसांवर उभा ठेवू नका, खिळ्याला टांगा, सावलीत. उन्हाने नायलॉन ठिसूळ होतं. पावसाळ्यात पंख्याखाली. केसांत पांढरे क्षार धरले तर कोमट पाण्यात थोडं लिंबूसत्त्व टाकून अर्धा तास भिजवा. ब्रश जमिनीवर पडला तर थेट पुन्हा काचेला लावू नका, आधी धुवा. अगदी "आत्ताच तर पडला" असं असलं तरी.

साबणाचा ब्रश आणि शुद्ध पाण्याचा ब्रश यांच्या दांड्यांवर वेगळ्या रंगाची टेप गुंडाळा. साबणाच्या कामात वापरलेला ब्रश शुद्ध पाण्याच्या कामाला पुन्हा नीट येत नाही, कितीही धुतला तरी कुठल्यातरी खिडकीवर पट्टा येतोच.

केस बाहेरच्या बाजूला कायमचे वाकले, किंवा मधला भाग कडेपेक्षा आखूड झाला, की तो ब्रश काचेवरून निवृत्त. फेकू नका. केस कात्रीने निम्मे कापा, ते पुन्हा कडक होतात, आणि दांड्यावर मार्करने ठसठशीत लिहा: ट्रॅक. माझ्या गाडीत असे तीन आहेत. त्यातला सगळ्यात जुना म्हणजे तोच गाडी धुवायचा ब्रश. त्यावर ट्रॅक नाही, "गच्ची" लिहिलंय.